पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणारी जुनी प्लिमथ रोड रनर : फिल्टर बदलत राहू नका, टाकी तपासा

लक्षण असे असते. कोठारात तीस-चाळीस वर्षे उभी राहिलेली गाडी बाहेर निघते. नवी बॅटरी, नवे प्लग, नवे ऑइल आणि ताजे पेट्रोल मिळाल्यावर इंजिन सुरू होते, अंगणात उभ्या-उभ्या बराच वेळ विनातक्रार चालते आणि मालकाला वाटते की आता हिला रस्त्यावर काढायला हरकत नाही. रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे ती छान धावतेही. मग चढ लागला किंवा वेग वाढवला की इंजिन अडखळू लागते, दोन-चार झटके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटे कडेला उभी केली की पहिल्याच सेल्फला सुरू होते, थोडे अंतर कापते आणि पुन्हा तीच गत होते. मालक फिल्टर बदलतो, तेव्हा एक-दोन दिवस आराम पडतो. मग कार्बोरेटर उघडून धुतला जातो, त्यानेही थोडे दिवस निभावतात. नवा पेट्रोल पंप बसतो, तरी पुढच्या आठवड्यात गाडी त्याच रस्त्यावर, त्याच चढाशी उभी असते.

हे सारे मी क्रायस्लर कंपनीच्या १९६८ च्या प्लिमथ रोड रनर या गाडीला धरून लिहितो आहे, कारण मी राहतो त्या मिशिगनमध्ये आणि शेजारच्या ओहायो व इंडियाना राज्यांत कोठारातून बाहेर येणाऱ्या मसल कारमध्ये, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाड्यांमध्ये, क्रायस्लरच्या या पिढीतील गाड्या नेहमी दिसतात, आणि येथील मोटार उद्योगात काम करणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हा नाद आहे त्यांच्याकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. रोड रनर ही मुद्दाम स्वस्त ठेवलेली गाडी होती. ३८३ घन इंचांचे म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे व्ही-८ इंजिन, कंपनीच्या तेव्हाच्या मोजणीनुसार ३३५ अश्वशक्ती, आत साधी बैठक आणि मूळ किंमत तीन हजार डॉलरांच्या आत. डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यातूनही या गाड्या बाहेर पडल्या. तरुणांनी त्या घेतल्या, दामटून चालवल्या, आणि पुढे विम्याचे हप्ते, १९७३ चा तेलाचा तुटवडा किंवा घरात आलेले मूल अशा कारणांनी कितीतरी गाड्या कोठारात गेल्या, त्या तिथेच राहिल्या. शेव्हरोले शेव्हेल असो, पाँटिॲक जीटीओ असो की फोर्ड मस्टँग असो, भागांची जागा बदलते. पण पुढील तपासाचा क्रम आणि दोषाचे मूळ तेच राहते.

माझे म्हणणे एकच आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. अशा गाडीत दोष बहुतेक वेळा टाकी आणि पंप यांच्या मधल्या भागात, म्हणजे इंजिन पेट्रोल ओढून घेते त्या बाजूला असतो. फिल्टर आणि कार्बोरेटर हे त्या दोषाचे बळी असतात. त्यांना बदलल्याने वेळ मिळतो, दुरुस्ती होत नाही. मात्र हेही तितकेच खरे की न मोजता, न तपासता टाकीवर ठपका ठेवणे हा अंदाजच आहे, म्हणून आधी पुरावा गोळा करावा आणि मगच पाना हातात घ्यावा.

पेट्रोल की स्पार्क?

गाडी बंद पडली की पहिल्या दोन मिनिटांत जे पाहायचे ते पाहून घ्यावे लागते, कारण नंतर ती सुरू होणारच असते आणि सुरू झाली की पुरावा पुसला जातो. चावी बंद करावी, अग्निशामक हाताशी ठेवावा, बॉनेट उघडून एअर क्लीनरचे झाकण काढावे आणि कार्बोरेटरच्या तोंडात वरून पाहत ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदा पूर्ण ओढावा. या गाडीवर कार्टर कंपनीचा एव्हीएस जातीचा चार तोंडांचा कार्बोरेटर असतो. त्याच्या पुढच्या दोन तोंडांत पितळी टोकांतून पेट्रोलच्या दोन बारीक, सलग धारा उडायला हव्यात. धारा ठसठशीत असतील तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठण्याच्या भागात, पेट्रोल आहे आणि आपण स्पार्ककडे वळले पाहिजे. नुसते दोन थेंब आले, किंवा धार न येता फक्त हवेचा सुस्कारा ऐकू आला, तर चेंबर रिकामा झालेला आहे आणि इंजिन पेट्रोलविना मेले आहे. या पाहणीच्या वेळी दुसऱ्या कोणालाही सेल्फ मारू देऊ नये, कारण उलटा भडका उडाला तर तो थेट चेहऱ्यावर येतो.

स्पार्कची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ती वगळली तर निदान अपुरे राहील. १९६८ च्या क्रायस्लर गाडीत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट्स (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर असतात, आणि स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला जाणारी वीज फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि आसने यांच्या मधल्या पत्र्यावरच्या, पांढऱ्या चिनी मातीच्या बॅलस्ट रेझिस्टरमधून जाते. हा रेझिस्टर तुटला तर सेल्फ मारताना इंजिन पेटते आणि चावी सोडताच विझते. ते लक्षण वेगळे आहे, त्यात पंधरा मिनिटे गाडी चालत नाही. आपल्या लक्षणाशी गोंधळ होतो तो तापल्यावर निकामी होणाऱ्या कॉइलचा किंवा कंडेन्सरचा, आणि त्याहून जास्त फायरवॉलमधून आरपार जाणाऱ्या वायरिंगच्या मोठ्या जोडाचा. त्या जोडातील पितळी पट्ट्या पन्नास वर्षांत हिरव्या-काळ्या पडतात, प्रवाह वाहू लागला की तापतात आणि कॉइलला मिळणारी वीज हळूहळू घटत जाते. त्यासाठी गाडी बंद पडताच चावी चालू स्थितीत ठेवून, पॉइंट्स मिटलेले असताना कॉइलच्या धन टोकाशी व्होल्टेज मोजावे. तेथे साधारण ५ ते ७ व्होल्ट मिळाले आणि प्लगशी निळा, कडकडीत स्पार्क दिसला तर विजेची बाजू सुटली असे समजायला हरकत नाही.

टाकीला वगळून गाडी चालवून पाहा

कार्बोरेटरमध्ये धार नाही हे कळले की पुढचा प्रश्न असा की पेट्रोल नेमके कोठे अडते. याचे उत्तर मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे गाडीची टाकी आणि तिची नळी तात्पुरती पूर्णपणे बाजूला काढून दुसऱ्या स्वच्छ टाकीवर इंजिन चालवणे. बोटींच्या इंजिनासाठी मिळणारी लहान, झाकणाला हवेची चकती असलेली टाकी यासाठी उत्तम असते. ती गाडीच्या बाहेर, एक्झॉस्टपासून दूर आणि पंपाच्या पातळीहून थोडी खाली ठेवावी, कारण पंपाहून उंच ठेवली तर पेट्रोल आपोआप उतरते आणि पंपाची परीक्षाच होत नाही. पंपाला मागून येणारी मूळ नळी काढून बंद करावी, तेथे नवी रबरी नळी जोडून ती या टाकीला द्यावी, आणि गाडी जागेवरच, पण इंजिनाचा वेग आयडलिंगहून थोडा वाढवून, नेहमी बंद पडते त्याहून दुप्पट वेळ चालवावी. पेट्रोलने भरलेली सुटी टाकी डिकीत ठेवून रस्त्यावर जाण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा.

इंजिन या परीक्षेत उतरले तर पंप आणि कार्बोरेटर निदान पुरेसे काम करत आहेत. उतरले नाही तर पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी सोडून तिचे तोंड एका मापाच्या भांड्यात धरावे आणि कार्बोरेटरमध्ये शिल्लक असलेल्या पेट्रोलवर इंजिन मिनिटभर चालू द्यावे. निरोगी यांत्रिक पंप साध्या आयडलिंगवर मिनिटाला सुमारे एक लिटर पेट्रोल टाकतो. यात एक बारकावा आहे जो पंप बदलणारे अनेक जण विसरतात. ३८३ इंजिनात पंप थेट कॅमशाफ्टवर चालत नाही, मध्ये एक पोलादी सळई असते, आणि तिचे टोक झिजून ती आखूड झाली की पंपाचा ठोका कमी पडतो. मग नवा कोरा पंपही आयडलिंगला पुरेसे आणि वेगात अपुरे पेट्रोल देतो. पंप खाली उतरवलाच आहे तर ती सळई बाहेर काढून नव्या सळईशेजारी धरून पाहावी.

दुसरी परीक्षा मला याहूनही आवडते, कारण ती दोष घडत असताना दाखवते. टाकीकडून पंपाला येणाऱ्या नळीत टी जोड घालून त्यावर निर्वात मोजणारा गेज बसवावा आणि त्याची नळी बॉनेटच्या फटीतून काचेपाशी आणून गेज बाहेरून वाचता येईल असा बांधावा. मोकळ्या वाटेने पेट्रोल येत असेल तर काटा जेमतेम हलतो, पाऱ्याच्या एक-दोन इंचांच्या आसपास राहतो. वाट अडलेली असेल तर काटा सुरुवातीला तसाच दिसतो, पण काही मैलांनंतर हळूहळू वर चढू लागतो, वेग वाढवला की आणखी चढतो, आणि इंजिन अडखळण्याच्या क्षणी सर्वांत वर असतो. गाडी बंद पडली की तो सावकाश खाली येतो. ज्याने हा काटा चढताना एकदा पाहिला त्याला पुन्हा फिल्टरवर पैसे घालवावेसे वाटत नाहीत. काटा शून्याजवळच राहिला आणि तरीही पेट्रोल आले नाही, तर वाट अडलेली नसून कोठेतरी हवा आत ओढली जात आहे किंवा पंपच थकला आहे.

दहा मिनिटांनी ती का सुरू होते

टाकीत पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळीची एक पिशवी असते. पंप ओढू लागला की टाकीतला सैल गाळ त्या जाळीकडे वाहतो आणि ओढीमुळे तिला चिकटून राहतो. अंगणात उभ्या गाडीला पेट्रोल थोडे लागते, टाकीत हिंदकळणे नसते, म्हणून तेथे काही होत नाही. रस्त्यावर वळणे, खड्डे आणि ब्रेक यांनी तळ ढवळला जातो, इंजिनाची मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि जाळी एकेक कण धरत बंद होत जाते. इंजिन थांबले की ओढ संपते, कण सुटून तळाशी बसतात आणि जाळी पुन्हा मोकळी होते. म्हणून गाडीला विश्रांती दिल्याने ती बरी झाल्यासारखी वाटते.

हा गाळ येतो कोठून, हे समजून घेणे दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पेट्रोल वर्षानुवर्षे उभे राहिले की त्यातील हलके भाग उडून जातात आणि उरलेल्यातील काही घटक हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखे घट्ट होतात. तळाशी तपकिरी-काळा, डांबरासारखा थर बसतो. गाडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली असेल तर त्या पेट्रोलमध्ये शिसेही असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हा थर उघड्या हाताने खरवडू नये. थराच्या वर, जेथे पेट्रोल नव्हते तेथे, दरवर्षी थंडी-उन्हाळ्याच्या फेऱ्यात दवाचे पाणी धरले जाते आणि टाकीचे छत गंजते. छताचा हा गंज बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण झाकणातून टॉर्च मारला तर दिसतो तो तळ. मालक आधी दहा-पंधरा लिटर पेट्रोल टाकून गाडी चालवतो, तेव्हा ती बरी चालते. मग विश्वास वाटून टाकी काठोकाठ भरतो, छताचा कोरडा गंज पहिल्यांदा भिजतो, सुटतो आणि त्या दिवसापासून गाडी जास्त बंद पडू लागते. टाकी पूर्ण भरल्यावर त्रास वाढला, असे कोणी सांगितले तर मी छताच्या गंजाचा संशय आधी घेतो. स्वस्तातला बोअरस्कोप (लवचीक तारेच्या टोकावरचा लहान कॅमेरा) झाकणाच्या नळीतून आत सोडून, त्याचे तोंड वर वळवून पाहिले की शंका उरत नाही.

यात भर पडते ती आजच्या पेट्रोलची. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्यानंतर १० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जवळजवळ सर्वत्र आले, आणि कोठारातल्या गाडीने ते कधी पाहिलेलेच नसते. इथेनॉल जुना डिंक सोडवते, त्या काळच्या रबराला फुगवून मऊ करते आणि पाणी शोषून घेते. १० टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि नेमके टाकीच्या तळाशी, पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. महाराष्ट्रात जुनी गाडी जपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण भारताने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आहे, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एखादी प्रीमियर पद्मिनी वीस-पंचवीस वर्षांनी शेडमधून बाहेर काढून तिच्यात ते पेट्रोल भरले तर गोष्ट अगदी याच वळणाने जाते.

अशा टाकीतून काढलेली जाळी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. वरून ती नुसती मळकी दिसते, पण बोटाने दाबली की मऊ न लागता कडक, वाळलेल्या कागदासारखी लागते, कारण तिच्या धाग्यांमधली भोके डिंकाने भरून गेलेली असतात. उलटी करून पांढऱ्या कपड्यावर झटकली की विटकरी रंगाची बारीक भुकटी आणि त्यात काळ्या, चमकदार, सपाट पापुद्र्यांचे तुकडे पडतात. भुकटी गंजाची असते आणि ती चुंबकाला ओढली जाते. काळे पापुद्रे चुंबकाला दाद देत नाहीत. ते डिंकाचे, विरघळत्या रबरी नळीचे किंवा पूर्वी कोणी टाकीच्या आत ओतलेल्या सीलरचे असू शकतात. हा साधा चुंबक बरेच काही सांगून जातो, म्हणून कापून उघडलेल्या प्रत्येक फिल्टरवर तो फिरवून पाहावा.

टाकीसारखेच वागणारे इतर दोष

टाकी उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्यांचे लक्षण हुबेहूब असेच दिसते आणि त्यांची दुरुस्ती मात्र थोडक्यात होते. पहिली गोष्ट म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट. पेट्रोल बाहेर गेले की तेवढी हवा आत यायला हवी. कोठारात कुंभारमाशीने त्या नळीत मातीचे घर केलेले असले किंवा कोणी मूळ झाकणाऐवजी चुकीच्या जातीचे, हवाबंद झाकण लावलेले असले तर टाकीत निर्वात तयार होतो. गाडी अडखळताच थांबून झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली तर उत्तर मिळाले.

दुसरी गोष्ट म्हणजे रबरी नळ्यांचे लहान तुकडे. टाकीशी एक असतो, पंपाशी एक असतो. बाहेरून ठीक दिसणारी नळी आतून फुगून वाट अरुंद करते, ओढ वाढली की चपटी होते, किंवा क्लिपशी भेगाळून हवा आत घेते. पेट्रोल मात्र बाहेर गळत नाही, कारण त्या बाजूला दाब नसून ओढ असते. या नळ्या तपासत बसू नयेत, सरळ बदलाव्यात, आणि एसएई ३०आर९ दर्जाच्या घ्याव्यात, कारण त्यांचे आतले अस्तर इथेनॉलला टिकते. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या नळीला हा दर्जा चालत नाही. तिला ३०आर१० लागतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची आहे. आजचे पेट्रोल जुन्यापेक्षा लवकर वाफ धरते, आणि उन्हाळ्यात पंपाच्या मागच्या नळीत वाफ झाली की पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. मात्र वाफेचा त्रास दिवसाच्या उष्म्याशी बांधलेला असतो. थंड सकाळीही गाडी त्याच अंतरावर बंद पडत असेल तर वाफेचे कारण सोडून द्यावे. उष्म्यातच त्रास होत असेल तर नळी एक्झॉस्टजवळून जात नाही ना ते पाहावे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली उष्णता वळवणारी झडप गंजून बंद स्थितीत अडकलेली नाही ना याची खात्री करावी, कारण तशी अडकली तर ती कार्बोरेटरच्या तळाला सतत भाजत राहते.

टाकी उतरवताना

गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर उचलावी, बॅटरीची तार काढावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास हीटर, गीझर किंवा उघडा दिवा नसावा. या गाडीची टाकी १९ अमेरिकन गॅलनची म्हणजे सुमारे ७२ लिटरची आहे, तेव्हा ती आधी हातपंपाने रिकामी करावी. पेट्रोलमापकाचा भाग टाकीच्या वर नसून पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे टाकी भरलेली असताना तो सोडला तर सारे पेट्रोल अंगावर येते. त्याची अडकवलेली कडी पितळी किंवा लाकडी ठोकणीने हलके ठोकून फिरवावी, लोखंडी छिन्नीने नाही. टाकीला धरणाऱ्या दोन पट्ट्यांचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवावेत.

आणि टाकी खाली येताच तिच्या पाठीवर हात फिरवण्याआधी नीट पाहावे. क्रायस्लरच्या कारखान्यांत गाडी जोडताना तिच्या सर्व भागांची यादी असलेला कागद गाडीतच कोठेतरी राहून जात असे. तो आसनांच्या स्प्रिंगांत सापडतो, गालिच्याखाली सापडतो आणि कधी कधी टाकीच्या वर, डिकीच्या फरशीखाली चिकटलेला सापडतो. उंदरांनी कुरतडलेला, तपकिरी पडलेला तो कागद गाडीचे मूळ इंजिन, रंग आणि गिअरबॉक्स सिद्ध करू शकतो. ओल्या फडक्याने पुसून टाकला तर तो पुन्हा मिळणार नाही.

आता टाकी स्वच्छ करावी की बदलावी, हा वादाचा विषय आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर नवी टाकी बसवावी. या गाड्यांसाठी मूळ आकाराच्या नव्या टाक्या तयार होतात आणि सहज मिळतात. जुनी टाकी धुऊ पाहणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही, पण टाकीच्या आत हिंदकळणे थांबवणारे आडवे पत्रे असतात आणि त्यांच्या मागे साखळी, नट-बोल्ट किंवा खडी हलवून काहीही पोचत नाही. शिवाय त्या काळचा टाकीचा पत्रा शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला असे. व्हिनेगर किंवा इतर आम्लाने गंजाबरोबर तो मुलामाही विरघळतो, उरतो तो उघडा पत्रा, जो पहिल्या दमट रात्रीतच पुन्हा तांबूस होतो, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात विषारी शिसे असते, जे गटारात ओतणे अयोग्य आहे. आत सीलर ओतणे हा उपाय मला सर्वांत कमी पसंत आहे. पत्रा अगदी स्वच्छ आणि कोरडा नसेल तर सीलर धरत नाही, काही जुन्या प्रकारचे सीलर इथेनॉलने सुटतात, आणि सुटलेला सीलर गंजाच्या भुकटीहून वाईट, कारण त्याचे मोठे पापुद्रे जाळीवर एकदम पडदा धरतात.

गाडी जशी सापडली तशीच जपायची इच्छा असणाऱ्यांचा मी मनापासून आदर करतो. त्यांनी मूळ टाकी कोरडी करून, तोंडे बंद करून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवावी. ती गाडीच्या इतिहासाचा भाग आहे आणि परत बसवता येते. अडकलेल्या पेट्रोलने घाटात किंवा महामार्गावर मध्येच थांबणारी गाडी मात्र कोणाच्याच हिताची नाही.

टाकीबरोबर पेट्रोल उचलणारी नळी आणि मापक नवे घ्यावेत. टाकीपासून पंपापर्यंत जाणारी पोलादी नळी दोन्ही टोके सोडून, पंपाकडून मागे अशी हवा मारून पाहावी आणि मागच्या टोकाशी पांढरे कापड धरावे. कापडावर पहिल्यांदा धूळ आली आणि पुढे स्वच्छ राहिले तर नळी ठेवता येते; दर वेळी खपल्या पडत राहिल्या तर ती बदलावी. शेवटी पंप आणि कार्बोरेटर. आधी ते साफ करण्यात अर्थ नव्हता, आता मात्र ते करावेच लागतात, कारण गाळ तेथवर पोचलेला असतो. फ्लोट चेंबरच्या कोपऱ्यांत विटकरी चिखल आणि नीडलच्या, म्हणजे चेंबर भरल्यावर पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या, बैठकीत एखादा कण हमखास सापडतो. तोच कण नीडल उघडी ठेवतो, मग इंजिन पेट्रोलअभावी नव्हे तर जास्त पेट्रोलने गुदमरते आणि मालकाला वाटते की जुना दोष परतला. पंपाचा पडदा जुना असेल तर ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

जोडणी पूर्ण झाल्यावर पेट्रोलमापकाचा काटा रिकाम्यावरच पडून राहिला तर नवा मापक परत करण्याची घाई करू नये. या गाडीत मापकाची परतीची वीज टाकीच्या नळीतून गाडीच्या सांगाड्याकडे जाते, आणि मधल्या रबरी तुकड्यावरून पूल बांधणारी एक लहान धातूची पट्टी असते. जुनी नळी काढताना ती जमिनीवर पडते आणि कचऱ्याबरोबर जाते. ती पट्टी पुन्हा लावली, दोन्ही टोकांचा रंग खरवडून उघडा धातू केला की काटा उठतो.

पंपाच्या आधी कागदी फिल्टर घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मी तो कायमचा देत नाही, कारण ओढीच्या बाजूला वाढवलेला प्रत्येक अडथळा वाफेला आणि हवागळतीला निमंत्रण देतो. पण पहिल्या दोन-तीन टाक्यांपुरता मोठ्या आकाराचा, धातूच्या आवरणाचा फिल्टर तेथे ठेवावा. काचेचा फिल्टर आतले दाखवतो खरा, पण तापलेल्या इंजिनाजवळ तो फुटला तर आग लागते, म्हणून तो वापरू नये. निर्वाताचा गेजही या काळात जोडलेलाच राहू द्यावा. पहिली टाकी संपली की हा फिल्टर काढून, पेट्रोल निथळू देऊन, करवतीने नव्हे तर पाइप कापण्याच्या चाकाने उघडावा, म्हणजे करवतीचा लोखंडी भुसा आत मिसळणार नाही, आणि कागदाच्या घड्या उलगडून त्यावर चुंबक फिरवावा. तिसऱ्या टाकीनंतरही घड्या स्वच्छ निघाल्या आणि लांबच्या, चढाच्या रस्त्यावर गेजचा काटा निघताना होता तेथेच परत येताना राहिला, तर टी जोड आणि तात्पुरता फिल्टर दोन्ही काढून टाकावेत आणि पंप व कार्बोरेटर यांच्या मधला मूळचा एकच फिल्टर ठेवावा.